उसन्या नकाशांचा भार

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात नुकत्याच स्थापन झालेल्या ऑटोडेस्क नावाच्या कंपनीने ‘ऑटोकॅड’ हा आरेखनाचा संगणकीय कार्यक्रम विक्रीस काढला. ह्या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता. तथापि आज एटापल्लीकडच्या एखाद्या वस्तीला रस्ता द्यावयाचा म्हटले, की त्या रस्त्याची पहिली रेघ जमिनीवर उमटण्याच्या कितीतरी आधी ती अशाच एखाद्या कार्यक्रमाच्या पडद्यावर उमटते. आणि ती उमटवू पाहणाऱ्या आरेखकाची पहिली तक्रार जंगलाविषयी, चढउताराविषयी किंवा मंजुरीच्या विलंबाविषयी नसून ‘फाइल उघडतच नाही’ अशी असते. ह्या प्रकरणात त्या तक्रारीचा विचार करावयाचा आहे.

संगणक येण्यापूर्वीच्या बांधकाम खात्याच्या कचेरीत आरेखक आणि अनुरेखक अशी दोन निरनिराळी पदे असत, आणि त्यांतील दुसऱ्या पदाकडे पाहिल्याशिवाय आजच्या अडचणीचे मूळ उमगत नाही. मूळ नकाशा हा दप्तराचा ऐवज. त्याच्यावर नव्या कामाची शाई लावण्याची प्राज्ञा कोणाची नसे. अनुरेखक त्या नकाशावर ट्रेसिंगचे कापड अंथरी, त्यातून दिसणाऱ्या रेघांपैकी प्रस्तुत कामाला लागतील तेवढ्याच उतरवून घेई, आणि मूळ नकाशा जसाच्या तसा गुंडाळून दप्तरात परत जाई. १९९० साली निघालेल्या ऑटोकॅडच्या अकराव्या आवृत्तीत ‘बाह्य संदर्भ’, म्हणजे आरेखकांच्या नित्याच्या बोलीतले ‘एक्सरेफ’, ही सोय आली, आणि तिने ही जुनीच पद्धत नव्या वेषात पुन्हा आणली. दुसऱ्याने केलेली फाइल आपल्या आरेखनात ओतावयाची नाही. तिचे नाव व ठिकाण तेवढे नोंदवून ठेवावयाचे, म्हणजे आपले आरेखन दर वेळी उघडताना कार्यक्रम ती फाइल तिच्या जागेवरून वाचून पडद्यावर खाली पसरून दाखवतो. ह्यात लाभ दोन आहेत. आपली फाइल लहान राहते, आणि मूळ नकाशात दुरुस्ती झाली तर ती आपल्याकडे आपोआप दिसते. उणीव मात्र एकच, पण ती मोठी आहे: अनुरेखक हवे तेवढेच उतरवी, संगणक सगळेच उचलतो. नाल्याची एक रेघ हवी म्हणून जोडलेल्या फाइलीतून तालुक्यातील यच्चयावत नाले, विहिरी, झाडोरा, अक्षरे, आणि ज्यांचा मूळ कर्त्यालाही विसर पडला आहे अशी अदृश्य अडगळ, हे सारे दर वेळी वाचले जाते. अनुरेखकाचे पद कालौघात नाहीसे झाले. त्याचे निवडीचे काम मात्र शिल्लक राहिले, आणि ते कोणीच करीत नाही, हेच संथपणाचे खरे कारण होय.

चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या वनजिल्ह्यांत हा भार इतरत्रापेक्षा अधिक का, हे उदाहरणावरून पाहू. समजा, एका वस्तीपासून पक्क्या सडकेपर्यंत एक किलोमीटर लांबीचा रस्ता आणि वाटेतल्या नाल्यावर एक लहानसा पूल करावयाचा आहे. जमीन वनखात्याची. वनहक्क कायदा, २००६, ह्याच्या कलम ३(२) अन्वये शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, रस्ता अशा तेरा प्रकारच्या सुविधांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीवरून वनजमीन देता येते, पण प्रत्येक प्रकरणी ती एक हेक्टरपेक्षा कमी असली पाहिजे आणि हेक्टरी पंचाहत्तरापेक्षा अधिक झाडे तुटता कामा नयेत. ती मर्यादा ओलांडली, की १९८० च्या वन संवर्धन कायद्याचा लांबचा मार्ग आणि ‘परिवेश’ ह्या केंद्रीय संकेतस्थळावरील प्रस्ताव. म्हणजे एवढ्याशा रस्त्याच्या आरेखनाखाली गाव नकाशा हवा, वनकक्षांच्या हद्दी हव्यात, भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक पत्रक हवे, समोच्च रेषा हव्यात, उपग्रहचित्र हवे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली मिळाला तसा सामूहिक वनहक्क त्या गावालाही मिळालेला असेल तर त्याची सीमा हवी. आणि पुलाचे संकल्पचित्र नागपुराहून येणार ते निराळेच. पुण्यातल्या इमारतीचा आरेखक एखाद-दुसऱ्या संदर्भावर भागवतो. येथे सहा-सात संदर्भ, सहा-सात कचेऱ्यांतून, निरनिराळ्या मापांत, निरनिराळ्या काळांतले असे एकाच पडद्यावर एकमेकांवर रचले जातात, आणि ज्याची त्याची अडगळ ज्याच्या त्याच्यासोबत येते.

उपचारापूर्वी निदान, हा वैद्यकाप्रमाणे येथेही नियम आहे. सर्व संदर्भ ‘अनलोड’ करावेत. ‘डिटॅच’ केल्यास जोडणीच तुटते. अनलोड केल्याने ती नोंदीत राहते, फक्त संदर्भ वाचला जात नाही. आता फाइल झटकन उघडत असेल तर दोष आपल्या आरेखनात नाही. मग एकेक संदर्भ पुन्हा ‘रीलोड’ करावा आणि पडदा कोठे अडखळू लागतो ते पाहावे. बहुधा सातांपैकी एक किंवा दोनच खरे अपराधी निघतात, आणि त्यांत स्कॅन केलेला नकाशा हटकून असतो.

ह्या स्कॅन केलेल्या नकाशाचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. ए-शून्य आकाराचा कागद ८४१ मिलिमीटर रुंद आणि १,१८९ मिलिमीटर लांब असतो. इंचाला ३०० ठिपके ह्या घनतेने तो स्कॅन केला तर सुमारे १४ कोटी ठिपके होतात. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात. म्हणजे सुमारे ४२ कोटी बाइट, ढोबळ मानाने ४२० मेगाबाइट. ‘पण माझी जेपीईजी फाइल तर चाळीसच मेगाबाइटची आहे,’ असे कोणी म्हणेल. ती चाळीस आहे तबकडीवर. पडद्यावर दाखवण्यासाठी ती स्मृतीत उलगडावी लागते, आणि उलगडली की ती आपल्या मूळ ४२० च्या आकारालाच जाते. आता हाच गाव नकाशा मुळात आहे कसा? पांढऱ्या कागदावर काळ्या रेघा. त्याला रंगाचे प्रयोजनच नाही. तोच नकाशा केवळ काळा-पांढरा, म्हणजे एका ठिपक्यास एक बिट, अशा रीतीने साठवला तर तो १७ ते १८ मेगाबाइटांत बसतो: थेट चोविसावा हिस्सा, आणि एकही रेघ न गमावता. त्यातही आपला रस्ता त्या पत्रकाच्या एका कोपऱ्यातून जात असेल तर प्रतिमा संपादित करणाऱ्या कार्यक्रमातच तेवढा कोपरा कातरून घ्यावा. आरेखनाच्या कार्यक्रमात प्रतिमेला ‘क्लिप’ केल्याने उरलेला भाग डोळ्यांआड होतो, स्मृतीतून जात नाही. इंचाला ६०० ठिपके घ्यावेत, म्हणजे काम अधिक बिनचूक होईल, ही समजूत तर सर्वांत महाग पडते. ठिपके चौपट होतात, अचूकता तीच राहते.

अचूकता तीच का राहते, ह्याचे उत्तर नकाशाच्या प्रमाणात आहे. जुन्या मध्यप्रांतातील गाव नकाशे मैलाला सोळा इंच, म्हणजे १:३,९६० ह्या प्रमाणाचे. त्यावर अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेघ जमिनीवर जवळजवळ दोन मीटर रुंदीची होते. १:५०,००० च्या स्थलदर्शक पत्रकावर तीच रेघ पंचवीस मीटरांची. आपल्या एक किलोमीटर रस्त्याची हद्द त्या दोन मीटर जाड रेघेच्या आतल्या कडेला धरावी की बाहेरच्या, एवढ्या एका निर्णयाने २,००० चौरस मीटरांचा, म्हणजे एक पंचमांश हेक्टरचा, फरक पडतो. आणि कायद्याची मर्यादा आहे एका हेक्टरची. तेव्हा ज्या नकाशात दोन मीटरांहून सूक्ष्म असे काही मुळात नाहीच, त्याचे त्याहून कितीतरी बारीक ठिपके संगणकाने वाहून न्यावेत, हा शुद्ध अपव्यय आहे. हद्दीचा वाद निघाला तर तो स्कॅनच्या घनतेने सुटत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणीच मागवावी लागते.

ह्यानंतरचा विषय सहनिर्देशकांचा. तो थोडा क्लिष्ट आहे, पण आपल्या प्रदेशाशी त्याचे नाते इतके निकटचे आहे, की वाचकाने जरा धीर धरावा. १८०२ साली मद्रासेकडून निघालेली भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत आली, आणि तिचा प्रवर्तक विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी चंद्रपूरच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट येथे, कामावर असतानाच मरण पावला. त्याचे थडगे तेथेच आहे. त्याच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या मानलेल्या गणिती आकारावर, आपली जुनी स्थलदर्शक पत्रके बेतलेली आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरची जनतेसाठी खुली झालेली मालिका मात्र जागतिक लंबगोलावर आहे. ह्या दोहोंतील रेघा रूपांतराशिवाय एकमेकींवर बसत नाहीत, आणि ज्याला हे ठाऊक नसते तो त्या ‘हाताने सरकवून’ बसवतो. तसे करताना तो संदर्भाची एक नवी प्रत तयार करतो, मग दुसरी, मग तिसरी, आणि फाइलीचा फुगवटा येथूनही सुरू होतो.

त्यात आपल्या प्रदेशाचे स्थान असे, की पत्रकांचे सांधे नेमके येथेच येतात. २० अंश उत्तर अक्षांश आणि ८० अंश पूर्व रेखांश ह्यांचा छेदनबिंदू गडचिरोली शहराच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरांवर पडतो, आणि ५५ पी, ५६ एम, ६४ डी व ६५ ए ह्या चार मोठ्या पत्रकांचे कोपरे तेथे भिडतात. त्या परिसरातले काम निघाले, की १:५०,००० ची ५५ पी/१६, ५६ एम/१३, ६४ डी/४ आणि ६५ ए/१ अशी चारही पत्रके मागवावी लागतात, आणि बहुतेक कचेऱ्यांत ती चारही संपूर्ण जोडली जातात, जरी प्रत्येकातून एकेक चतकोरच हवा असतो. पट्ट्यांचीही तीच कथा. जगाच्या सहा-सहा अंशांच्या प्रक्षेपण-पट्ट्यांपैकी पश्चिम महाराष्ट्र ४३व्या पट्ट्यात, तर ७८व्या रेखांशाच्या पूर्वेचा हा सर्व मुलूख ४४व्या पट्ट्यात मोडतो. पुण्या-मुंबईच्या कचेरीतून आलेला नमुना-साचा ४३व्या पट्ट्याचा असतो. तो न तपासता वापरला तर आरेखन आपल्या खऱ्या जागी बसत नाही.

४४व्या पट्ट्यात गडचिरोली शहराचा उत्तर-निर्देशक सुमारे २२ लाख ३१ हजार मीटर भरतो. विषुववृत्तापासून मोजलेले हे अंतर असल्यामुळे ते मोठे असणारच. परंतु त्याचा एक आगंतुक परिणाम होतो. कार्यक्रम आपल्या पोटात संख्या ६४ बिटांत ठेवतो, तेथे अडचण नाही. पडद्यावर चित्र उमटवणारी यंत्रणा मात्र पुष्कळदा ३२ बिटांच्या संख्या वापरते, आणि त्यांत अंकांसाठी २४ बिटच मिळतात. २०,९७,१५२ च्या वर गेलेल्या संख्येबाबत ह्या पद्धतीत लागोपाठच्या दोन संख्यांमधले अंतर पाव एकक असते. म्हणजे मीटरांत काम करताना पाव मीटरापेक्षा सूक्ष्म हालचाल त्या यंत्रणेला थेट दाखवताच येत नाही. कार्यक्रमाला आतल्या आत वजाबाक्या करून ती उणीव भरून काढावी लागते, आणि जेथे ते साधत नाही तेथे रेघा थरथरतात, अक्षरे वेडीवाकडी होतात, पट्ट्यांची भरणी म्हणजे ‘हॅच’ फुटते. ह्यावर काहीजण सारे आरेखन उचलून शून्यावर आणून ठेवतात. हा उपाय रोगापेक्षा भयंकर आहे, कारण त्या क्षणी आरेखनाचा भूमीशी असलेला संबंध तुटतो आणि पुढे ‘परिवेश’साठी सीमारेषेची फाइल काढावयाची वेळ आली की कोणाच्याच हाती काही लागत नाही. खरा उपाय निराळा. भूमीशी निगडित असे सर्व संदर्भ आपल्या खऱ्या निर्देशकांवरच ठेवावेत. पुलासारखा तपशील मात्र आपल्या स्वतंत्र फाइलीत शून्याजवळ काढावा, आणि तेथून तो एका ज्ञात बिंदूवर, ज्ञात कोनाने मुख्य आरेखनात संदर्भ म्हणून बसवावा.

पुलाचा विषय निघालाच आहे, तर एककांबद्दल दोन शब्द. संरचना-अभियंता मिलिमीटरांत काढतो, रस्त्याचा आरेखक मीटरांत. फाइलीच्या गुणधर्मांत एकक नोंदवलेले नसले, तर तीस मीटरांचा पूल तीस किलोमीटरांचा होऊन, म्हणजे गडचिरोलीपासून चामोर्शीपर्यंत पसरून, पडद्यावर प्रकट होतो. हसू येते खरे, पण त्यातली प्रत्येक सळई त्या विस्ताराने आखताना संगणकाची जी दमछाक होते ती हसण्यावारी नेण्याजोगी नसते. उलट बाजूने केएमएल फाइल अक्षांश-रेखांशांच्या अंशांत असते. ती रूपांतर न करता आत घेतली तर अख्खा गडचिरोली जिल्हा जेमतेम दोन एककांत मावून शून्याच्या जवळ कोठेतरी ठिपक्यासारखा पडून राहतो. तो दिसत नाही म्हणून आरेखक पुन्हा आयात करतो. संपूर्ण आरेखन पडद्यावर मावेल असे करा, ही आज्ञा दिल्यावर जर दोन टोकांना दोन ठिपके आणि मध्ये विराट पोकळी दिसली, तर असे एखादे भरकटलेले अपत्य शून्यापाशी आहे असे खुशाल समजावे, आणि प्रथम त्याला पुसावे.

समोच्च रेषांचे प्रकरण ह्याहून मनोरंजक आहे. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ ह्या अवकाशयानाने अकरा दिवसांच्या प्रवासात रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली, आणि तीस-तीस मीटरांच्या चौकटींची ती माहिती आज कोणासही विनामूल्य मिळते. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. म्हणजे ह्या जिल्ह्याच्या वाट्याला सुमारे १ कोटी ६० लाख चौकटी येतात. त्यांवरून काढलेल्या समोच्च रेषांची फाइल कोणीतरी एकदा हौसेने तयार करतो, आणि मग ती हातोहात सर्वत्र फिरते. आपल्या रस्त्याच्या भोवतालचा एक किलोमीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद पट्टा ह्या हिशेबाने किती चौकटींचा? सव्वादोनशेच्या आतबाहेर. सव्वादोनशे उंचींसाठी दीड कोटीहून अधिक उंचींचे गाठोडे दर वेळी सोडावयाचे आणि बांधावयाचे! बरे, त्या उंची तरी जमिनीच्या असतात काय? त्या रडारच्या लहरी दाट झाडोरा पूर्णपणे भेदून खाली पोहोचत नाहीत. साग, ऐन, मोह आणि बांबू ह्यांच्या गर्दीत मोजली गेलेली उंची ही पुष्कळशी शेंड्यांची उंची होय. जेथे जंगल तोडून शेत झाले तेथे समोच्च रेषा एकदम खचलेली दिसते, आणि भोळा आरेखक तेथे भराव धरतो. मार्गाची ढोबळ निवड करण्यापुरते ह्या रेषांचे मोल मोठे आहे. संकल्पनासाठी टोटल स्टेशन हे मोजणीचे यंत्र घेऊन प्रत्यक्ष पातळ्या घेण्यास पर्याय नाही.

रेषा ठेवावयाच्याच असतील तर त्या विरळ कराव्यात. डेव्हिड डग्लस आणि टॉमस पॉयकर ह्यांनी १९७३ साली मांडलेली एक सोपी रीत आहे: वक्राची दोन टोके सरळ रेषेने जोडावयाची, मधला जो बिंदू त्या रेषेपासून सर्वांत दूर असेल तो ठरवलेल्या मर्यादेपेक्षा दूर असल्यास ठेवावयाचा, नसल्यास मधले सगळेच बिंदू गाळावयाचे, आणि ठेवलेल्या बिंदूपाशी वक्राचे दोन तुकडे करून प्रत्येकावर हीच क्रिया पुन्हा करावयाची. क्यूजीआयएस ह्या विनामूल्य कार्यक्रमात ती एका कळीने होते. मात्र प्रत्येक रेषा वेगवेगळी सुलभ केली, की शेजारच्या दोन समोच्च रेषा क्वचित एकमेकींना छेदतात, आणि एकाच बिंदूला दोन उंची असलेला असा अद्भुत भूभाग निर्माण होतो. तेव्हा मर्यादा बेताची धरावी; किंवा त्याहून बरे म्हणजे उंचीच्या चौकटींतूनच आधी हवा तेवढा पट्टा कापून घेऊन मग रेषा काढाव्यात.

डीजीएन आणि पीडीएफ ह्या दोन स्वरूपांबद्दल थोडक्यात सांगतो. सर्वेक्षण विभागाची अंकीय पत्रके डीजीएन स्वरूपात मिळत आली आहेत. ती आयात करताना त्यांच्या रेषाशैलीही आत येतात, आणि ह्या शैली एका फाइलीतून दुसरीत नक्कल करताना अदृश्यपणे गुणाकाराने वाढतात. मूठभर रेघांची फाइल शेकडो मेगाबाइटांची झालेली दिसली तर पहिला संशय ह्यांच्यावर घ्यावा. न वापरलेल्या नोंदी काढून टाकणाऱ्या नेहमीच्या ‘पर्ज’ आज्ञेने त्या पूर्वी निघत नसत, म्हणून ऑटोडेस्कला त्यांच्यासाठी स्वतंत्र साधन काढावे लागले. नोंदणीकृत अनुप्रयोगांची नावे, म्हणजे ‘रेगअ‍ॅप’, हाही असाच संसर्गजन्य प्रकार. पर्ज आज्ञेच्या मजकुरी रूपात त्यासाठी निराळा पर्याय आहे. पीडीएफबाबत एवढेच पाहावे, की ती खरोखर रेघांची आहे की आत केवळ स्कॅनचे चित्र आहे. २०१७ च्या आवृत्तीपासून पीडीएफमधल्या रेघा आरेखनात उतरवून घेता येतात, परंतु तसे करताना तुटक रेषेचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र वस्तू होतो आणि अक्षरांच्या ठिकऱ्या उडतात. संपूर्ण पत्रक असे फोडण्याऐवजी ते खाली नुसते अंथरावे, त्यावरील बिंदूंना चिकटण्याची सोय बंद ठेवावी, आणि हवी ती चार-सहा टोके हाताने गिरवावीत.

संदर्भ जोडताना कार्यक्रम ‘अटॅच’ की ‘ओव्हरले’ असे विचारतो, आणि घाईत असलेला मनुष्य पहिलाच पर्याय स्वीकारतो. अटॅच केलेला संदर्भ आपल्याबरोबर आपलेही संदर्भ घेऊन येतो. लग्नाला एकाला बोलवावे आणि त्याने आपल्या घरी उतरलेले सारे पाहुणे घेऊन यावे, तसा हा प्रकार. वनकक्षांच्या फाइलीला स्थलदर्शक पत्रक अटॅच केलेले असते, गावाच्या फाइलीलाही तेच असते, आणि तुमच्या रस्त्याच्या फाइलीत तुम्ही ते तिसऱ्यांदा जोडता. ओव्हरले केलेला संदर्भ पुढच्या फाइलीत आपोआप जात नाही. म्हणून जोपर्यंत नेमके कारण नसेल तोपर्यंत ओव्हरलेच करावे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

थर, म्हणजे लेअर, नुसते ‘ऑफ’ करण्यात आणि ‘फ्रीझ’ करण्यात जो भेद आहे तोही बहुतेकांच्या ध्यानात नसतो. ऑफ केलेला थर दिसत नाही, पण चित्र पुन्हा जुळवताना त्याचा हिशेब होतच राहतो. फ्रीझ केलेल्या थराचा होत नाही. हा निवाडा पुढच्या वेळी टिकावा म्हणून ‘व्हिसरिटेन’ हे चल १ वर ठेवावे. ह्याहून प्रभावी सोय १९९७ च्या चौदाव्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे, पण ती वापरणारे विरळा. मूळ संदर्भफाइल जतन करताना ‘इंडेक्ससीटीएल’ हे चल ३ केले, की तीत थरांची आणि जागेची अशा दोन सूची लिहिल्या जातात. मग आपल्या बाजूला ‘एक्सलोडसीटीएल’ २ ठेवून तो संदर्भ रस्त्याच्या पट्ट्यापुरता क्लिप केला, तर कार्यक्रम सूची पाहून तेवढाच भाग वाचतो. ती सूची नसताना केलेली क्लिप नुसता पडदा ओढते. ही सूची अर्थातच संदर्भाच्या मूळ घरी लिहिली गेली पाहिजे, आणि पर्ज, ऑडिट, दुहेरी रेघा काढून टाकणारी ‘ओव्हरकिल’ ही सर्व स्वच्छताही तेथेच झाली पाहिजे. आपल्याकडे येणाऱ्या फाइलीची मूळ प्रत अस्पर्श ठेवून तिच्यावरून एक स्वच्छ कामचलाऊ प्रत करावी आणि जोडणी त्या प्रतीची करावी: अनुरेखकाचे काम म्हणतात ते हेच.

राहता राहिला मार्गाचा प्रश्न. रस्त्याच्या नव्हे, फाइलीच्या. संदर्भाचे ठिकाण संपूर्ण पत्त्यानिशी नोंदवलेले असले, आणि त्यात नागपूरच्या कचेरीतल्या सर्व्हरचे नाव असले, तर तीच फाइल भामरागडात उघडताना कार्यक्रम त्या अनुपस्थित सर्व्हरची वाट पाहत बसतो, एकेका संदर्भासाठी स्वतंत्रपणे. यंत्र मंद नसते. ते कोणाच्या तरी प्रतीक्षेत असते. म्हणून मार्ग नेहमी सापेक्ष ठेवावेत आणि सर्व संदर्भ आरेखनाच्याच फोल्डराखाली ठेवावेत. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. अशा ठिकाणी पाठवावयाचे काम ‘ई-ट्रान्समिट’ आज्ञेने संदर्भांसकट एकत्र बांधून पेनड्राइव्हवर द्यावे, हे शहाणपणाचे. ‘बाइंड’ करून सगळे एकजीव करण्याचा मोह मात्र काम चालू असेपर्यंत आवरावा. एकदा बाइंड केले की मूळ नकाशातल्या पुढच्या दुरुस्त्या आपल्याला कधीच कळत नाहीत. मंजूर झालेल्या अंतिम प्रतीसाठी, दप्तरात ठेवण्यापुरते, ते योग्य आहे.

एवढे सारे झाल्यावरही काम संथ वाटले, तर मगच नव्या यंत्राचा विचार करावा. ह्या जातीचे कार्यक्रम आपले बरेचसे मुख्य काम प्रक्रियकाच्या एकाच गाभ्यावर करतात, त्यामुळे सोळा गाभ्यांच्या महागड्या यंत्राने अपेक्षेइतका फरक पडत नाही; अधिक स्मृती आणि घनस्थिती तबकडी (एसएसडी) ह्यांवर केलेला खर्च अधिक फळतो. परंतु ४२० मेगाबाइटांचे चित्र जेथे १८ मेगाबाइटांत बसते, आणि दीड कोटी चौकटींचे काम जेथे सव्वादोनशेंत भागते, तेथे यंत्राच्या खरेदीचा प्रस्ताव वरिष्ठांकडे पाठवणे हा सार्वजनिक पैशाचा दुरुपयोग आहे असे माझे मत आहे.

वाचकांपैकी जे प्रत्यक्ष ह्या कामात असतील त्यांना शेवटी एक विनंती. तुमची फाइल उद्या दुसऱ्या कोणाचा तरी संदर्भ होणार आहे. ती पुढे पाठवताना तिच्यासोबत एका साध्या मजकुराच्या फाइलीत एवढे तरी लिहून द्या: लंबगोल कोणता, पट्टा कोणता, एकक मीटर की मिलिमीटर, मूळ नकाशा कोणत्या कचेरीचा, कोणत्या सालचा आणि कोणत्या प्रमाणाचा, आणि तुम्ही त्यातले काय गाळले.